कर्ज बुडवायची मुभा होती, तरी मार्क ट्वेन जगभर भाषणं देत फिरला आणि पै न् पै फेडली

मुंबईत काळाघोड्याला गेलात की एक जुनीपुराणी, लोखंडी सांगाड्याची इमारत दिसते. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. एकेकाळी तिचं नाव होतं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा भारतातला पहिला सिनेमा इथेच दाखवला गेला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण त्याच वर्षी, त्याच्या सहा महिने आधी, याच हॉटेलात एक पाहुणा उतरला होता. वय साठ. पांढऱ्या केसांचं टोपलं, झुपकेदार मिशा, तोंडात सिगार आणि छातीत न थांबणारा खोकला. सोबत बायको आणि एक मुलगी.

हा गडी भारत बघायला आलेला हौशी पर्यटक नव्हता. तो कर्ज फेडायला आला होता.

त्याचं नाव मार्क ट्वेन. टॉम सॉयर आणि हकलबरी फिनचा बाप. अमेरिकेतला तेव्हाचा सगळ्यात लोकप्रिय लेखक. इतका मोठा माणूस म्हातारपणी गावोगाव भाषणं देत का फिरत होता, ही गोष्ट त्याच्या कुठल्याही कादंबरीपेक्षा कमी नाही.

नदीकाठचं पोरगं

ट्वेनचं खरं नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, मिसूरी राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या छोट्या खेड्यात. त्याच महिन्यात आकाशात हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता. हा धूमकेतू लक्षात ठेवा, तो शेवटी परत येणार आहे.

सॅम चार वर्षांचा असताना घर हलवून सगळे हॅनिबल या गावी आले. मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे गाव. वडील व्हर्जिनियाचे, आई केंटकीची. म्हणजे घर अस्सल दक्षिणी वळणाचं. आणि त्या काळात दक्षिणी वळण म्हणजे गुलामगिरी आलीच. मिसूरीत माणसं विकत घेणं कायदेशीर होतं. शाळेत, चर्चमध्ये, घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सॅमच्या घरातही गुलाम होते. कधी मालकीचे, कधी भाड्याने आणलेले.

असाच एक सँडी नावाचा लहान पोरगा त्यांच्या घरी कामाला होता. दिवसभर गाणी म्हणायचा, ओरडायचा. एकदा सॅम वैतागला आणि आईकडे तक्रार घेऊन गेला. आईने त्याला समजावलं की या पोराला त्याच्या आईपासून तोडून लांबून आणलंय, तो गातोय म्हणजे निदान त्या वेळेपुरतं तरी दुःख विसरलाय. तो गप्प झाला तर जास्त वाईट वाटेल. सॅम पुन्हा त्या गाण्यांबद्दल कधी कुरकुरला नाही. हा प्रसंग तो म्हातारपणापर्यंत विसरला नाही.

उन्हाळ्यात तो मावशीच्या नवऱ्याच्या शेतावर जायचा. तिथे डॅनियल नावाचा एक अधेड वयाचा गुलाम होता. रात्री पोरांना जमवून भुताखेतांच्या गोष्टी सांगायचा. गोष्ट कुठे थांबवायची, कुठे आवाज चढवायचा, हे सॅम त्याच्याकडून शिकला. पुढे हकलबरी फिनमधला जिम उभा राहिला तो याच डॅनियलवरून.

सॅम अकरा वर्षांचा असताना वडील न्युमोनियाने गेले. डोक्यावर कर्ज, घरात चणचण. शाळा सुटली आणि पोरगं छापखान्यात उमेदवारी करायला लागलं. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, ओळ लावायची. हे खिळे जुळवणं पुढे त्याला किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कुणाला ठाऊक!

दोन वाव पाणी

हॅनिबलच्या प्रत्येक पोराचं एकच स्वप्न असायचं, आगबोटीचा पायलट व्हायचं. १८५७ मध्ये सॅमने होरेस बिक्सबी नावाच्या नामांकित पायलटच्या हाताखाली शिकायला सुरुवात केली. नदीचं प्रत्येक वळण, प्रत्येक उथळ जागा तोंडपाठ हवी. १८५९ मध्ये त्याला परवाना मिळाला. पगार तगडा, रुबाब त्याहून मोठा.

पण याच नदीने त्याला पहिला मोठा घावही दिला. धाकटा भाऊ हेन्री याला सॅमनेच बोटीवर नोकरी लावून दिली होती. १८५८ मध्ये पेनसिल्व्हेनिया नावाच्या त्या बोटीचा बॉयलर फुटला आणि हेन्री भाजून गेला. त्याचं ओझं सॅमने आयुष्यभर स्वतःच्या माथी घेतलं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. नदीवरची वाहतूक ठप्प, पायलटची नोकरी गेली. सॅम दक्षिणेच्या बाजूच्या एका हौशी टोळीत दोन-एक आठवडे सैनिक म्हणून हिंडला आणि काढता पाय घेतला. मोठा भाऊ ओरायन याला नेवाडात सरकारी नोकरी मिळाली होती, त्याच्यासोबत तो पश्चिमेला निघून गेला.

तिथे चांदी शोधायचा नाद केला. हाती माती आली. मग पोटासाठी व्हर्जिनिया सिटीच्या वर्तमानपत्रात बातमीदार झाला आणि १८६३ मध्ये पहिल्यांदा मार्क ट्वेन या नावाने लिहिलं.

या नावाची गंमत अशी. बोटीवरचा माणूस दोरीने पाण्याची खोली मोजायचा आणि ओरडून पायलटला सांगायचा. मार्क ट्वेन म्हणजे दोन वाव, सुमारे बारा फूट पाणी. म्हणजे बोट बुडणार नाही एवढी खोली. सुखरूप पुढे चला, असा निरोप. ज्या माणसाने हे नाव घेतलं, तो पुढे नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडाला, हा नशिबाचा विनोद.

स्टेजवर चढला आणि गाजला

१८६६ मध्ये एका वर्तमानपत्राने त्याला हवाई बेटांवर पाठवलं. परत आला तेव्हा खिसा रिकामा. कुणीतरी सुचवलं, हवाईवर भाषण दे, तिकीट लाव. २ ऑक्टोबर १८६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने पहिलं मोठं जाहीर भाषण दिलं. जाहिरातीत गमतीने छापलं की दरवाजे सातला उघडतील आणि गोंधळाला आठला सुरुवात होईल. स्वतः मात्र भीतीने अर्धमेला झाला होता. कुणी हसलं नाही तर काय, म्हणून त्याने काही मित्रांना हसायच्या कामगिरीवर प्रेक्षकांत पेरून ठेवलं होतं.

त्यांची गरज पडली नाही. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी.

त्याची पद्धत साधी वाटायची, पण होती अवघड. दक्षिणी लोकांसारखं लांबवत, रेंगाळत बोलायचं. चेहरा गंभीर ठेवायचा, जणू आपण विनोद करतोय हे आपल्यालाच माहीत नाही. आणि विनोदाच्या आधी अचूक थांबायचं. हे थांबणं म्हणजे डॅनियलच्या रात्रीच्या गोष्टींची शिकवणी. आज ज्याला स्टँडअप कॉमेडी म्हणतात, त्याच्या पूर्वजांत ट्वेनचं नाव घेतात ते उगाच नाही.

१८६७ मध्ये तो क्वेकर सिटी नावाच्या बोटीने युरोप आणि पॅलेस्टाईनला गेला. त्या प्रवासावरचं पुस्तक, द इनोसंट्स अब्रॉड, १८६९ मध्ये आलं आणि तुफान खपलं. हे पुस्तक दुकानात मिळायचं नाही. एजंट लोक घरोघरी फिरून आगाऊ ऑर्डर घ्यायचे, मग पुस्तक छापून पोचतं व्हायचं. गावोगावच्या शेतकऱ्याच्या घरात ट्वेन पोचला तो या मार्गाने.

पुढे गणित ठरून गेलं. पुस्तक काढायचं, दौरा करायचा, भाषणांत पुस्तकातले किस्से सांगायचे आणि भाषणांवर पुस्तक खपवायचं. आज लेखक पुस्तक आलं की लिटफेस्ट, पॉडकास्ट आणि रील करत हिंडतात. ट्वेन हेच रेल्वे आणि घोडागाडीने करत होता.

१८७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या ऑलिव्हिया लँगडनशी त्याचं लग्न झालं. घरी सगळे तिला लिव्ही म्हणायचे. तिचे वडील पैसेवाले आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. दक्षिणेत वाढलेल्या ट्वेनची नजर साफ व्हायला या सासुरवाडीचा मोठा हातभार लागला. पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला. मग सूझी, क्लारा आणि जीन अशा तीन मुली झाल्या. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला वाड्यासारखं घर बांधलं. तिथल्या दिवसांत टॉम सॉयर आला, लाइफ ऑन द मिसिसिपी आलं.

आणि मग आली हकलबरी फिन. इंग्लंडमध्ये डिसेंबर १८८४ मध्ये, अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये.

गोष्ट एका उनाड पोराची आणि पळून गेलेल्या गुलामाची. दोघं तराफ्यावरून नदीतून निघतात. हकला लहानपणापासून शिकवलेलं असतं की पळालेल्या गुलामाला पकडून न देणं म्हणजे चोरी, म्हणजे पाप. आणि तरी तो जिमला धरून देत नाही. आपण नरकात जाणार असं समजून, मनाशी ठरवून तो मित्राला वाचवतो. समाजाने शिकवलेली नीती वाकडी असू शकते आणि माणसाचं काळीज सरळ असू शकतं, एवढंच ट्वेनला सांगायचं होतं.

कॉन्कर्ड गावच्या ग्रंथालयाने पुस्तक गावंढळ आणि पोरं बिघडवणारं ठरवून बाहेर काढलं. ट्वेन उलट खूश झाला, फुकटची जाहिरात झाली म्हणून. आज वाद वेगळ्या कारणाने होतो. पुस्तकात काळ्या लोकांसाठीची शिवी शेकडो वेळा येते, जिम काही ठिकाणी थट्टेचा विषय होतो. शाळेत शिकवावं की नाही यावर अमेरिकेत अजून भांडणं चालतात.

त्या हिवाळ्यात ट्वेनने न्यू ऑर्लिन्सचा लेखक जॉर्ज वॉशिंग्टन केबल याच्यासोबत मोठा दौरा काढला. केबलही दक्षिणेचाच, आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी उघड लिहिणारा. त्यापायी त्याला दक्षिणेतून शिव्या खाव्या लागल्या आणि शेवटी कुटुंब घेऊन उत्तरेत राहायला जावं लागलं.

इथपर्यंत सगळं बेस. मग माशी शिंकली

ट्वेनला एक खोड होती. त्याला वाटायचं आपण धंद्यातही तितकेच हुशार आहोत.

१८८४ मध्ये त्याने स्वतःची प्रकाशन संस्था काढली. नाव भाचीच्या नवऱ्याचं, चार्ल्स एल. वेबस्टर अँड कंपनी. सुरुवात झकास झाली. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट तेव्हा भागीदाराच्या फसवणुकीत पार धुऊन निघाले होते, त्यात घशाचा कॅन्सर. घरच्यांसाठी काहीतरी मागे ठेवावं म्हणून ते आठवणी लिहीत होते. दुसरे प्रकाशक किरकोळ टक्केवारी देत होते, ट्वेनने नफ्यातला मोठा वाटा कबूल केला. ग्रँट उत्तरेचे सेनापती, ट्वेन दक्षिणेचा दोन आठवड्यांचा सैनिक. तरी दोघांचं जमलं. ग्रँट यांनी शेवटच्या दिवसांत पुस्तक पुरं केलं आणि २३ जुलै १८८५ ला प्राण सोडला. त्यांच्या विधवा पत्नीला पहिलाच चेक मिळाला २ लाख डॉलरचा. पुढे रक्कम ४ लाखांच्या वर गेली.

इथे ट्वेनच्या डोक्यात हवा गेली. पोपचं चरित्र काढलं, वाटलं जगातला प्रत्येक कॅथलिक घेईल. कुणी फारसं घेतलं नाही. मग एकामागून एक पुस्तकं आपटायला लागली.

पण खरा खड्डा वेगळा होता. जेम्स पेज नावाच्या माणसाने खिळे जुळवणारं यंत्र तयार केलं होतं. ट्वेन स्वतः छापखान्यात खिळे जुळवून मोठा झालेला. यंत्र चालताना पाहिलं आणि तो वेडाच झाला. कित्येक कामगारांचं काम हे एक यंत्र करणार, जगातला प्रत्येक छापखाना ते घेणार, आपण कुबेर होणार! अडचण एवढीच की यंत्रात सुमारे १८ हजार सुटे भाग होते आणि ते सतत बिघडायचं. पेज रोज नवी सुधारणा काढायचा आणि ट्वेन रोज नवा चेक फाडायचा. चौदा वर्षांत सुमारे ३ लाख डॉलर त्यात गेले. स्वतःचे गेले, बायकोच्या माहेरचेही गेले. तोवर लायनोटाइप नावाचं सुटसुटीत यंत्र बाजारात येऊन रुळलंही होतं.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बसल्या. १८ एप्रिल १८९४ ला वेबस्टर कंपनीने दिवाळं जाहीर केलं. वर्षाअखेर पेजच्या यंत्रानेही शेवटची मान टाकली.

ट्वेन ५९ वर्षांचा होता आणि कर्जाचा आकडा लाख डॉलरच्या घरात होता.

सुटायचा रस्ता समोर होता

अशा वेळी त्याला भेटला हेन्री रॉजर्स. स्टँडर्ड ऑइलचा बडा माणूस, धंद्यात निर्दय म्हणून बदनाम. पण ट्वेनचा चाहता. त्याने सगळे हिशेब हातात घेतले. ट्वेनच्या पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावावर केले, कारण कंपनीला सगळ्यात जास्त उसने पैसे तिनेच दिले होते. त्यामुळे बाकी सावकारांना पुस्तकं लिलावात काढता आली नाहीत.

आता कायद्याच्या भाषेत ट्वेनला फार काही करायची गरज नव्हती. दिवाळं निघालेल्या माणसाने आहे त्यातून थोडंफार द्यावं, बाकी माफ. डॉलरमागे काही सेंट देऊन तो मोकळा झाला असता. कित्येक व्यापारी तेच करायचे.

लिव्हीला ते मान्य नव्हतं. एक सेंटही ठेवायचा नाही, असं तिचं म्हणणं. रॉजर्सनेही बजावलं की व्यापाऱ्याचं एक वेळ चालून जातं, पण लेखकाजवळ त्याच्या नावाशिवाय दुसरं भांडवल नसतं. ट्वेनला ते पटलं. त्याने वर्तमानपत्रातून जाहीर करून टाकलं की आपण सगळं कर्ज पूर्ण फेडणार, चारेक वर्षांत फेडणार. एकदा असं चारचौघांत बोलून बसल्यावर माघार नव्हती.

पैसे कमवायचा खात्रीचा रस्ता एकच, स्टेज. आणि खरं म्हणजे स्टेजचा त्याला तोवर वीट आला होता. पुन्हा कधी दौरा करायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. तब्येत साथ देत नव्हती. पायावर गळू झालेलं, कित्येक दिवस अंथरुणातून उठता येत नव्हतं.

तरी निघाला. जुलै १८९५ मध्ये लिव्ही आणि क्लारासोबत एल्मायराहून रेल्वेने प्रवास सुरू झाला. सूझी आणि जीन मागे राहिल्या. गाडी सुटताना फलाटावरच्या दिव्याच्या उजेडात थोरली सूझी हात हलवत उभी होती.

मुंबईतली एक कानफटात

क्लीव्हलँडपासून व्हँकुव्हरपर्यंत अमेरिका-कॅनडा पालथी घातली. तिथून बोटीने हवाई. ज्या बेटांनी त्याला वक्ता केलं तिथे कॉलऱ्याची साथ होती, म्हणून किनाऱ्यावर उतरताही आलं नाही. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन, आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबई.

कार्यक्रम ठरलेला. ट्वेन स्टेजवर यायचा आणि नीतीवर व्याख्यान देतो असं गंभीरपणे सांगायचा. मग त्या दोरीत एकेक किस्सा ओवायचा. त्या दौऱ्यात तो हक आणि जिमचा प्रसंगही सांगायचा. मुंबईत नॉव्हेल्टी थिएटरमध्ये त्याचे कार्यक्रम झाले. गोरे साहेब आणि पारशी मंडळींनी गर्दी केली. नंतर पुण्यातही त्याचं भाषण झालं, तिथून पुढे बडोद्याला.

मुंबई बघून तो हरखून गेला. रस्त्यावरचे रंग, पागोटी, लग्नाची वरात, मलबार हिलवरचं पारशांचं दखमा. भायखळ्याला प्रेमचंद रायचंद यांच्या बंगल्यात पालिताण्याच्या राजाचा सत्कार होता, तिथेही तो गेला. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत गेलेल्या वीरचंद गांधींनी त्याला जैन धर्म समजावून सांगितला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टकडे जेवण झालं. वर्षभराने प्लेगच्या जुलमामुळे मराठी घराघरांत ज्याचं नाव निघणार होतं, तोच हा सँडहर्स्ट. अठरा वर्षांचे तिसरे आगाखान हॉटेलवर भेटायला आले. ज्यांना लाखो लोक देवासारखं मानतात असा माणूस आपल्याशी हकलबरी फिनवर बोलायला येतो, याचं ट्वेनला भारी अप्रूप वाटलं. आणि मुंबईचे कावळे! हॉटेलच्या गॅलरीत बसून आपल्या कपड्यांवर, चेहऱ्यावर चर्चा करणाऱ्या कावळ्यांवर त्याने पानंच्या पानं लिहिली.

पण या सगळ्यात त्याच्या मनात खोल रुतला तो हॉटेलातला पहिल्या दिवसाचा प्रसंग.

सामान घेऊन नोकर खोलीत आले. सोबत एक धिप्पाड जर्मन होता, व्यवस्था बघणारा. गॅलरीचा काचेचा दरवाजा नीट लागत नव्हता. एक नोकर गुडघ्यावर बसून तो दुरुस्त करायला लागला. त्याचं काहीतरी चुकलं असावं. जर्मनाने आधी काय चुकलं हे न सांगता त्याच्या जबड्यावर फाडकन एक ठेवून दिली आणि मग चूक सांगितली. नोकर काही बोलला नाही. चेहऱ्यावर रागही दिसला नाही.

ट्वेन क्षणात पन्नास वर्षं मागे गेला. मुंबई पुसली गेली आणि हॅनिबल समोर उभं राहिलं. त्याचे वडील तसे शांत, न्यायी माणूस. मुलांवर कधी फारसा हात उगारला नाही. पण घरातल्या लुईस नावाच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकीसाठी ते कानफटात द्यायचे. आणि दहा वर्षांच्या सॅमने आणखी एक गोष्ट पाहिली होती. एका माणसाने नुसत्या वेंधळेपणाच्या रागातून गुलामाच्या डोक्यात लोखंडी दगड मारला होता. तासाभरात तो मेला. गावात कुणी त्या मालकाला जाब विचारला नाही. तो त्याच्या हक्काचा माल होता ना!

लहानपणी हे सगळं पाहून सॅमला कुठेतरी चुकतंय असं वाटायचं, पण चूक म्हणायला शब्द नव्हते. साठाव्या वर्षी मुंबईत ते पुन्हा समोर आलं. अमेरिकेत गुलामगिरी जाऊन तीस वर्षं झाली होती. इथे कायद्याने कुणी गुलाम नव्हता. पण तो हात तोच होता आणि गप्प बसणंही तेच होतं.

म्हणून हा दौरा फक्त पैशाच्या कर्जाचा राहिला नाही. अर्थात ट्वेन इथे येऊन एका रात्रीत क्रांतिकारक झाला असंही नाही. भारतातल्या इंग्रजी राज्याचं त्याने ठिकठिकाणी कौतुकही केलं. पण गोऱ्या माणसाच्या सुधारणेच्या गप्पा आणि प्रत्यक्षातली वागणूक यातली फट त्याला या प्रवासात जागोजागी दिसत गेली. ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांचं काय केलं गेलं, हेही त्याने सोडलं नाही.

मुंबईनंतर अलाहाबाद, बनारस, कलकत्ता, दार्जिलिंग, लखनौ, आग्रा, जयपूर, लाहोर, रावळपिंडी. खोकला, सर्दी, ताप सोबतच. काही कार्यक्रम पुढे ढकलावे लागले, पण दौरा सोडला नाही. दोनेक महिन्यांनी कलकत्त्याहून बोट धरली. मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिका करून ३१ जुलै १८९६ ला तो इंग्लंडला पोचला. वर्षभरात शंभराहून जास्त कार्यक्रम झाले होते. आता सूझी आणि जीन अमेरिकेहून येणार, सगळे एकत्र राहणार आणि प्रवासाचं पुस्तक लिहिलं जाणार.

फलाटावरची ती शेवटची भेट होती

मुली आल्याच नाहीत. सूझी आजारी असल्याची तार आली. काळजीचं कारण नाही, पण यायला उशीर होईल. लिव्ही आणि क्लारा तातडीने बोटीने निघाल्या. ट्वेन इंग्लंडमध्ये एकटा थांबला.

त्या दोघी समुद्रात असतानाच १८ ऑगस्ट १८९६ ला मेंदूज्वराने सूझी गेली. हार्टफर्डच्या घरीच, जिथे ती वाढली होती. वय अवघं २४. ट्वेनला तारेने कळलं. बायको अजून बोटीवर होती, तिला काही माहीत नव्हतं आणि तिच्यापर्यंत पोचायचा मार्ग नव्हता. तेरा महिन्यांपूर्वी फलाटावर हात हलवणारी पोर, हेच त्याने तिचं पाहिलेलं शेवटचं रूप.

आपल्या कर्जापायी पोरीजवळ नव्हतो, हे त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही. ते कुटुंब पुन्हा हार्टफर्डच्या घरात राहायला गेलं नाही. पुढे ते घर विकून टाकलं.

पण देणी तशीच होती. लंडनमध्ये जगापासून तोंड लपवून त्याने रोज टेबलाशी बसून प्रवासवर्णन लिहिलं. फॉलोइंग द इक्वेटर १८९७ मध्ये आलं. मुंबईचे कावळे, ती कानफटात, सगळं त्यात आहे. वाचताना हसू येतं. हे हसू लिहिणारा बाप कुठल्या अवस्थेत होता ते माहीत असलं की पान उलटताना हात जरा थांबतो.

याच काळात ट्वेन मेला, अशी अफवा अमेरिकेत उठली. त्याने आपल्या मरणाची बातमी जरा वाढवून सांगितली जातेय अशा अर्थाचं उत्तर धाडलं आणि तो विनोद जगभर गाजला.

दौऱ्याचे आणि पुस्तकाचे पैसे रॉजर्सकडे जात राहिले, रॉजर्स देणेकऱ्यांना वाटत राहिला. १८९८ च्या सुरुवातीला शेवटचं देणं फिटलं. चार वर्षं म्हणाला होता, अडीच वर्षांत संपवलं.

परतला तो वेगळाच माणूस

ऑक्टोबर १९०० मध्ये तो अमेरिकेत परतला तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण तो नुसता हसवायला आला नव्हता. अमेरिका तेव्हा फिलिपिन्स गिळत होती. ट्वेनने उघड विरोध केला. साम्राज्यवादविरोधी संघटनेचा तो १९०१ पासून मरेपर्यंत उपाध्यक्ष होता. काँगोमध्ये बेल्जियमच्या राजाने चालवलेल्या कत्तलीवरही तुटून पडला. लाडक्या विनोदवीराने राजकारणात तोंड घालू नये, असं म्हणणारे तेव्हाही होतेच.

१९०२ मध्ये तो शेवटचा हॅनिबलला जाऊन आला. १९०४ मध्ये लिव्ही गेली. डिसेंबर १९०६ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यासाठी तो वॉशिंग्टनला गेला आणि ऐन हिवाळ्यात पांढराशुभ्र सूट घालून उभा राहिला. आज डोळ्यांसमोर येतो तो पांढऱ्या सुटातला ट्वेन इथून पुढचा. १९०७ मध्ये ऑक्सफर्डने मानद पदवी दिली. शाळा अर्धवट सोडलेल्या पोराला त्या झग्याचं केवढं कौतुक! पण घर रिकामं होत होतं. १९०९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी धाकटी जीनही गेली.

हॅलेचा धूमकेतू दर ७५-७६ वर्षांनी येतो. आपण त्याच्यासोबत आलो, त्याच्यासोबतच जाणार, असं ट्वेन शेवटी म्हणायला लागला होता. २० एप्रिल १९१० ला धूमकेतू सूर्याच्या सगळ्यात जवळ आला. २१ एप्रिलला कनेक्टिकटमधल्या रेडिंगच्या घरी ट्वेनने डोळे मिटले.

जाण्याआधी त्याने बरंचसं आत्मचरित्र तोंडी सांगून लिहवून घेतलं होतं. मनातलं मोकळेपणाने बोलता यावं म्हणून ते शंभर वर्षं पूर्ण छापू नका, अशी त्याची अट होती. मधल्या काळात काही भाग बाहेर आले, पण संपूर्ण आवृत्तीचा पहिला खंड आला २०१० मध्ये. आणि मरून शंभर वर्षं झालेल्या लेखकाचं नवं पुस्तक बेस्टसेलरच्या यादीत जाऊन बसलं.

पुढच्या वेळी काळाघोड्याहून जाताना त्या मोडकळीला आलेल्या गॅलऱ्यांकडे एकदा बघा. तिथल्या एका खोलीत एका म्हाताऱ्याने कुणाला तरी मार खाताना पाहिलं होतं. पैशाची देणी त्याने अडीच वर्षांत फेडली. लहानपणी गप्प राहून पाहिलेल्या गोष्टींचं देणं मात्र तो शेवटपर्यंत फेडत राहिला.